जुन्या पॉप क्लिपमध्ये ते खरंच गातायत का नुसते ओठ हलवतायत?

खरखरती_कॅसेट:

मंडळी एक शंका आहे, हसू नका. आमचे बाबा बोनी एम आणि अ‍ॅबा या पॉप बँडचे कट्टर भक्त. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून टेपरेकॉर्डर घेतला आणि त्यावर वाजलेली पहिली कॅसेट बोनी एमची होती ही कथा आम्ही साधारण दर दिवाळीला ऐकतो. रिटायर झाल्यावर मी त्यांना टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं, तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की सत्तरच्या दशकातल्या जर्मन नि ब्रिटिश टीव्हीवरच्या क्लिपा सुरू, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही आता शब्द पाठ झालेत.

तर रविवारी भाचा आला होता. नववीत आहे, ड्रम शिकतो. पाच मिनिटं गप बघत बसला आणि म्हणाला, आजोबा, हे गात नाहीयेत. बाबा म्हणाले, मग काय तू गातोयस? त्याने रिमोट घेतला, क्लिप थांबवली आणि एकेक दाखवायला लागला, ड्रमला माइक नाही, गिटारला वायर नाही, आणि तो नाचणारा बॉबी फॅरेल गिरकी घेताना माइक पार कमरेपर्यंत नेतो तरी आवाज जसाच्या तसा. बाबा काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून आत जाऊन झोपले. चहा अर्धा ठेवणं म्हणजे आमच्याकडे निषेध खलिता असतो.

आता मला सांगा, त्या काळी सगळेच असं करायचे का, की काही जण खरे गायचे? आणि बघून ओळखायचं कसं? आणि मुख्य म्हणजे ही फसवणूक धरायची का, कारण बाबांना काहीतरी उत्तर द्यायचंय आणि भाच्याचं म्हणणं खोडता येत नाहीये.


लेव्हल_चेक:

भाच्याला माझ्याकडून एक वडापाव. मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तीस वर्षं साउंड लावतोय, ऑर्केस्ट्रा, भजन, नेत्यांच्या सभा सगळं, त्यामुळे माझी नजर आधी गायकाकडे जातच नाही, वायरकडे जाते.

पण त्याचं सगळंच बरोबर नाही हां. ड्रमला माइक नाही म्हणजे खोटं असं धरू नका. साठच्या दशकात आजच्यासारखे एका ड्रमसेटला आठ माइक कोणी लावत नव्हतं, फ्रेमच्या वर एखादा माइक दांडीवर लटकवला की झालं, तो कॅमेऱ्यात दिसायचाच नाही. उलट इलेक्ट्रिक गिटारला वायर नाही हा मात्र तगडा पुरावा, सत्तरच्या दशकातल्या टीव्ही स्टुडिओत बिनवायरची गिटार दिसली तर ती बहुतेक शोभेचीच. गायकाच्या हातातल्या माइकचंही तेच, वायरलेस तेव्हा निघाले होते पण महाग आणि बेभरवशाचे. वायर असली म्हणजे मात्र खरं असं नाही बरं का, वायर पुढे कशात घातलीये ते कोणाला दिसतंय, आमच्याकडे पण डमी माइकला वायर लावून देतात.

अजून सांगतो. गाण्याचा शेवट बघा. रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं, फेड आउट म्हणतात ना तसं. स्टेजवरचा बँड असा विरू शकत नाही, त्यांना कुठेतरी थांबावंच लागतं. त्यामुळे आवाज बारीक बारीक होतोय आणि गायक मात्र त्याच जोशात तोंड उघडझाप करतोय असं दिसलं की समजायचं. दुसरं, एकाच माणसाचा आवाज दुहेरी ऐकू येतो का बघा. स्टुडिओत एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक चढवायचे, पुढे १९६६ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड म्हणून इंजिनिअर होता त्याने हे दुहेरीकरण यंत्रावर करायची युक्ती काढली. तोंड एक आणि आवाज दोन असेल तर काय समजायचं ते समजा. आणि श्वास. खरं गाणारा माणूस ओळ संपली की खांदे हलवतो, प आणि भ वर माइकमध्ये फुफकारतो, मान वळवली की आवाज पातळ होतो. रेकॉर्डवर यातलं काही नसतं, सगळं इस्त्री केलेलं.

आता का करायचे, तर लोकांना वाटतं आळस. आळस नाही ओ. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्याकडे तोंड करून जो स्पीकर ठेवतात, आम्ही मॉनिटर म्हणतो, तो तेव्हा बहुतेक ठिकाणी नसायचाच. बीटल्सचा न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधला कार्यक्रम घ्या, १५ ऑगस्ट १९६५, ५५,६०० पब्लिक, पोरी किंचाळतायत, आणि या चौघांना आपण काय वाजवतोय ते ऐकू येत नाही. ते गायले खरंच, पण त्याचा जो कार्यक्रम पुढे टीव्हीवर दाखवला त्यासाठी जानेवारी १९६६ मध्ये लंडनला स्टुडिओत बसून बराच भाग परत वाजवून चढवलाय, आणि एका गाण्याला तर सरळ रेकॉर्डच लावून दिलीये. म्हणजे गायले लाइव्ह आणि दाखवलं ते बनवलेलं. आता याला काय म्हणाल?

टीव्ही स्टुडिओची अडचण वेगळी. जागा चिंचोळी, कॅमेरे फिरतायत, माइकची सावली गायिकेच्या तोंडावर पडली तर डायरेक्टर बोंब मारणार, एका तासात सात-आठ बँड चढवायचे उतरवायचे. रेकॉर्ड लावा आणि ओठ हलवा, सगळ्यांचीच सोय. कंपनीला पण तेच हवं असायचं, लोकांनी टीव्हीवर जे ऐकलं तेच दुकानात मिळालं पाहिजे.

जाता जाता माझ्या डोळ्यासमोरचं. एका मंडळाने गणपतीत गायिका आणली, तिचा ट्रॅक मोबाइलवर. मी म्हटलं होतं एरोप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या कडव्याला कॉल आला. चार हजार वॅटवर रिंगटोन, आणि बाईंचं तोंड "आ" वर उघडंच. मंडळाचा अध्यक्ष माझ्याकडे बघतोय जसा काय मीच फोन केलाय.


भैरू_पेटीवाला:

चार हजार वॅटवर रिंगटोन 😂😂 कोणती होती ते पण सांगा


लेव्हल_चेक:

कंपनीची ट्यूं ट्यूं. आरती असती तर निभावलं तरी असतं.


पावसाळी_मँचेस्टर:

लेव्हल_चेक यांनी लिहिलंय ते सोळा आणे खरं, मी फक्त इंग्लंडची बाजू सांगतो कारण ती भानगड लय मजेशीर आहे आणि मी राहतो तिथून बसने पंधरा मिनिटांवर ती सुरू झाली.

बीबीसीचा टॉप ऑफ द पॉप्स हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला तो इथे मँचेस्टरमध्ये डिकन्सन रोडवर, एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता त्यात. इमारत कधीच पाडली. आमच्या इथले एक आजोबा अजून तिथून जाताना बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात की रोलिंग स्टोन्स इथे आले होते, आणि ते खरंय, पहिल्याच भागात होते. गंमत म्हणजे तेव्हा लपवाछपवी अजिबात नव्हती. कॅमेऱ्यासमोर एक मुलगी बसायची, ती तबकडीवर रेकॉर्ड ठेवायची, सुई टेकवायची आणि मग बँड ओठ हलवायला लागायचा. म्हणजे सरळसरळ सांगून केलेलं सोंग. कोणाला फसवल्यासारखं वाटायचं कारणच नाही.

मग भांडायला कोण उठलं, तर प्रेक्षक नाही, वादकांची युनियन. त्यांचं म्हणणं असं की रेकॉर्ड वाजली की एका वादकाची रोजी बुडाली. १९६६ मध्ये त्यांच्या दबावाखाली रेकॉर्डवर ओठ हलवणं बंद झालं. पुढे काय, तर कार्यक्रमाचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा, जॉनी पिअर्सन म्हणून कंडक्टर, मागे कोरस गायला लेडीबर्ड्स नावाच्या बायका, आणि हे सगळे मिळून दर आठवड्याला कोणतंही गाणं वाजवणार. आता विचार करा, अमेरिकेतून एखादा सोल गायक आलाय, त्याचं गाणं डेट्रॉइटच्या स्टुडिओतल्या मुरलेल्या वादकांनी वाजवलेलं, आणि इथे त्याच्यामागे लग्नाच्या पार्टीत वाजवतात तसला चकाचक बँड. काही क्लिपा त्यामुळे ऐकवत नाहीत, गायक खरा आणि मागे सगळं भलतंच. काका, बाबांना सांगा, लाइव्ह म्हणजे चांगलंच असं नसतं.

दुसरी सोय अशी होती की बँडने स्टुडिओत जाऊन तीन तासांत तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं, युनियनचा माणूस समोर बसणार, आणि त्या नव्या टेपवर टीव्हीत ओठ हलवायचे. महिनाभर घासून केलेलं गाणं तीन तासांत परत कसं होणार? त्यामुळे वाजवल्यासारखं करायचं, युनियनच्या माणसाला कोणीतरी गोड बोलून पबमध्ये न्यायचं आणि परत येईपर्यंत टेप बदललेली. कितीतरी वादकांनी पुढे मुलाखतींतून हे हसत हसत सांगितलंय. युनियनलाही माहीत, बीबीसीलाही माहीत, अळीमिळी गुपचिळी.

याच्या उलट रेडी स्टेडी गो म्हणून दुसऱ्या चॅनेलवरचा कार्यक्रम होता, १९६३ ला सुरू झाला तेव्हा तिथेही ओठच हलवायचे, पण एप्रिल १९६५ पासून त्यांनी ठरवून सगळं लाइव्ह केलं. ज्यांना तुलना करायचीये त्यांनी एकाच बँडच्या दोन्हीकडच्या क्लिपा लावा, हातच्या कंकणाला आरसा कशाला.

आणि एक मधला प्रकार असतो तो लेव्हल_चेक यांनी सोडला. मागचं वादन टेपवर आणि गळा खरा. बीटल्सनी ४ सप्टेंबर १९६८ ला लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत "हे ज्यूड" गाणं चित्रित केलं ते असंच आहे, बँड टेपवर आणि गाणं त्या क्षणी गायलेलं, कारण परत तेच, युनियनचा नियम. त्याच दिवशी केलेल्या "रेव्होल्यूशन" गाण्यात तर मागून "शूबी डू" असा कोरस ऐकू येतो जो बाजारातल्या सिंगलवर नाहीच. असं एखादं जास्तीचं किंवा चुकलेलं सापडलं की मला लय आनंद होतो, चोर सापडल्यासारखा नाही, माणूस सापडल्यासारखा.

बाकी ज्यांना हे सोंग पटत नव्हतं त्यांनी टॉप ऑफ द पॉप्सवरच ते सोंग म्हणून उघडं पाडलं, ते किस्से तर भरपूर. रॉड स्टुअर्टच्या "मॅगी मे" गाण्याला १९७१ मध्ये मँडोलिनवर बसवला कोणाला, तर जॉन पील या रेडिओवाल्याला, ज्याला ते वाद्य येतच नव्हतं, आणि बाकीचे स्टेजवर फुटबॉल खेळतायत. द स्मिथ्स बँडचा गायक मॉरिसी १९८३ मध्ये माइकच्या जागी फुलांचा गुच्छ घेऊन आला. निर्वाणा या बँडला १९९१ मध्ये टेपवर गळा खरा लावायला सांगितला तर त्यांचा गायक कर्ट कोबेन मुद्दाम खर्जात, घशात बटाटा अडकल्यासारखा गायला आणि गिटारवर बोटंसुद्धा नीट ठेवली नाहीत. न्यू ऑर्डर या बँडने १९८३ मध्ये हट्टाने "ब्लू मंडे" गाणं खरंखुरं लाइव्ह वाजवलं, ते इतकं अडखळत झालं की पुढच्या आठवड्यात गाणं चार्टवर खाली घसरलं. हे शेवटचं मला फार आवडतं. खरेपणाची किंमत.

पण सगळ्यात वाईट वाटतं ते ऑल अबाउट ईव्ह या बँडचं. १९८८. त्यांची गायिका ज्युलिअ‍ॅन रीगन स्टुलावर बसलीये, शेजारी गिटारवाला, शांत गाणं. घराघरांत टीव्हीवर गाणं सुरू झालं आणि स्टुडिओत त्यांना काहीच ऐकू येईना. ती बिचारी इकडेतिकडे बघत बसलीये, पापण्या हलतायत, आणि तिचाच आवाज लाखो घरांत गातोय. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं आणि तेव्हा ती लाइव्ह गायली.


लेव्हल_चेक:

@पावसाळी_मँचेस्टर हे असं का होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं टेप एकच तर आवाज एकच. नाही. टेपमधून दोन रस्ते निघतात, एक थेट प्रक्षेपणाला आणि एक स्टुडिओतल्या स्पीकरला म्हणजे गायकाला ऐकू यावं म्हणून. पहिला चालू, दुसरा कोणीतरी चढवायचाच विसरला. एक बटण. त्या रात्री त्या साउंडवाल्याला झोप लागली नसणार हे मी लिहून देतो.


सडेतोड_सदाशिव:

मला एवढं कौतुक कळत नाही. बालगंधर्वांच्या काळात नट समोर उभा राहून, माइक नाही काही नाही, ऑर्गन तबल्याच्या साथीवर गायचा आणि लोक वन्स मोअर म्हटले की तेच पद परत, तेही आधीपेक्षा वेगळं. पहाटेपर्यंत नाटक. त्या मानाने तीन मिनिटांचं गाणं नीट गाता येत नाही म्हणून टेप लावणारे हे तुमचे पॉपस्टार. फसवणूकच आहे ती, त्यात काय विचारायचं.


दुपारची_विविधभारती:

सदाशिवराव, मग आपल्या हिंदी सिनेमाचं काय? आपण तर जन्मभर दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवलेले बघत आलोय आणि डोळे पुसत आलोय. फरक एवढाच की आपल्याकडे ज्याने गायलं त्याचं नाव पाटीवर येतं. (तेही सुरुवातीला येत नव्हतं, त्यासाठी गायकांना भांडावं लागलं, पण तो वेगळा धागा होईल.)

आणि म्हणूनच मूळ प्रश्नकर्त्याच्या बाबांसाठी खरी बातमी ओठांची नाहीच, ती पुढची आहे, ती त्यांना बसवून सांगा. बोनी एमच्या रेकॉर्डवर जो जाडाभरडा पुरुषी आवाज आहे तो बॉबी फॅरेलचा नाहीच मुळी. तो फ्रँक फेरियन या जर्मन निर्मात्याचा. या माणसाने आधी एकट्याने स्टुडिओत एक गाणं करून बोनी एम असं नाव टाकून दिलं, ते चालायला लागलं, टीव्हीवाले बोलावायला लागले, आता दाखवणार कोणाला? मग माणसं शोधली. बॉबी अरुबा बेटावरचा, नाचायला वीज. चौघांपैकी रेकॉर्डवर खऱ्या गायल्या त्या लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट. मेझी विल्यम्स आणि बॉबी रेकॉर्डवर नाहीत. लिझचा आवाज ऐका परत एकदा, काय सुरेल बाई आहे, तिच्या बाबतीत ओठ हलवले तरी तिचेच आहेत की.

म्हणजे बघा एकाच स्टेजवर एकाच टेपवर चौघं ओठ हलवतायत, त्यात दोघी स्वतःच्याच आवाजावर आणि दोघं परक्याच्या. बाहेरून चारही सारखेच दिसतात. भाच्याचं वायरचं गणित इथे उपयोगाचं नाही.

हाच फेरियन पुढे दहा-बारा वर्षांनी तोच डाव परत खेळला, मिली व्हॅनिली नावाची जोडी. रॉब पिलेटस आणि फॅब मॉर्व्हन, दिसायला देखणे, वेण्याबिण्या, गायले दुसरेच. १९८९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत कनेक्टिकटला कार्यक्रम चालू असताना टेप अडकली आणि एकच अर्धी ओळ परत परत वाजायला लागली, रॉब थोडा वेळ तसाच नाचला आणि मग स्टेजवरून पळाला. आणि तरी लोकांनी मनावर घेतलं नाही हो! फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांना नवोदितांचं ग्रॅमी मिळालं. नोव्हेंबरमध्ये फेरियननेच पत्रकारांना सांगून टाकलं आणि मग पितळ उघडं पडलं, ग्रॅमी परत घेतलं, कोर्टात जाऊन लोकांना कॅसेटचे पैसे परत मागता येतील असं ठरलं. बदनामी झाली ती त्या दोन पोरांची, फेरियन धंदा करत राहिला. माझा राग आहे तो इथे आहे. ओठ हलवण्यावर नाही.

जाता जाता, बॉबी फॅरेल ३० डिसेंबर २०१० ला सेंट पीटर्सबर्गला गेला. ज्या रास्पुतिन नावाच्या रशियन साधूवरच्या गाण्यावर तो आयुष्यभर नाचला त्या साधूला त्याच शहरात त्याच तारखेला मारलं होतं, १९१६ मध्ये. अंगावर काटा येतो की नाही.


अंधेरीचा_धुरळा:

धागा वाचून हात शिवशिवायला लागले. मी १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये होतो, मायकल जॅक्सन. दोन महिन्यांचा पॉकेटमनी आणि आत्याकडून उसने, घरी सांगितलं मित्राच्या बहिणीचं लग्न. आमच्या जागेवरून मायकल म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा, जे बघितलं ते पडद्यावर. आणि आता त्या दौऱ्याच्या क्लिपा बघितल्या की कळतं की त्यातलं बरंचसं टेपवर होतं, थोडी गाणी खरी. तेव्हा माझ्या डोक्यात हा विचार एक सेकंदसुद्धा आला नाही. आता मेलो तरी चालेल असं वाटत होतं, बाजूचा अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता.

पण जरा त्याच्याच आधीच्या एका रात्रीचं सांगतो कारण सगळा वाद त्या एका रात्रीत बसतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला २५ वर्षं झाली म्हणून अमेरिकेत पॅसाडिनाला २५ मार्च १९८३ ला कार्यक्रम झाला, टीव्हीवर मे महिन्यात दाखवला. मायकल आधी भावांबरोबर जुनी गाणी गातो, ते खरं गाणं आहे, आणि पुरावा काय तर मध्येच जर्मेनचा माइक बंद पडतो, मायकल जवळ जाऊन आपला माइक त्याच्यापुढे धरतो, दोघं एकाच माइकवर गातात. माइक बंद पडतो याचाच अर्थ तो चालू होता. मग भाऊ जातात, हा एकटा उरतो, टोपी घालतो आणि बिली जीन सुरू. ते गाणं पूर्ण टेपवर. आणि त्यातच मधे तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर मूनवॉक करतो, दोनचार सेकंद फक्त, आणि टीव्हीवर दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या अमेरिकेत तेवढीच चर्चा.

सदाशिवकाका, तसं नाचताना गाऊन दाखवा म्हणावं. म्हणजे तुम्ही नाही, कोणीही.


सडेतोड_सदाशिव:

मी काका नाही, एक्केचाळीस पूर्ण आहे. आणि मग नाचू नये. गावं.


पावसाळी_मँचेस्टर:

सदाशिव यांच्यासाठी एक जागा आहे, युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. तिथला नियमच असा होता की गळा खराच पाहिजे. ६ एप्रिल १९७४ ला ब्रायटनला अ‍ॅबा जिंकले ते खरं गाऊन, समोर ऑर्केस्ट्रा आणि त्यांचा कंडक्टर नेपोलियनच्या वेषात. वादनाचा काही भाग टेपवर चालायचा, आवाज नाही. कोरससुद्धा खराच लागायचा, तो टेपवर चालवायची मुभा थेट २०२१ मध्ये मिळाली. त्यामुळे अ‍ॅबाच्या बाबतीत बाबांना निर्धास्त राहायला सांगा, निदान त्या रात्रीपुरतं.

इटलीत याच्या बरोबर उलट, सानरेमोचा गाण्यांचा महोत्सव, ऐंशीच्या दशकात बरंचसं टेपवर चालायचं. १९८३ ला वास्को रॉसी गाणं संपायच्या आधीच माइक सोडून चालता झाला आणि त्याचा आवाज मागे गातच राहिला. पुढच्या वर्षी क्वीन आले, फ्रेडी मर्क्युरी ओळ चालू असताना माइक तोंडापासून लांब धरून उभा, चेहऱ्यावर "बघा काय करायला लावलंय" असा भाव. जो माणूस दीडेक वर्षाने लंडनला वेम्बली स्टेडियमवर लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात वीस मिनिटांत अख्खं स्टेडियम खिशात घालणार होता त्याला ओठ हलवायला लावले होते.


खरखरती_कॅसेट:

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. लेव्हल_चेक, तुमची फेड आउटची खूण एक नंबर.

तर अपडेट. परवा दुपारी बाबांसमोर बसलो आणि फोनवरून मोठ्याने सगळं वाचून दाखवलं. युनियनचा माणूस पबमध्ये नेला तिथे ते खूप हसले, म्हणाले आमच्या ऑफिसात ऑडिटरला असंच जेवायला न्यायचो. बॉबी फॅरेलचं सांगताना मला जरा धाकधूक होती. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, मग तो बिचारा इतकी वर्षं नुसता नाचला? मी म्हटलं हो. म्हणाले, पण नाचला काय! आणि मग विचारलं की त्या जर्मन माणसाचा फोटो दाखव. दाखवला. बघितला आणि म्हणाले, बरोबर आहे, याला कोण बघणार.

चहा पूर्ण घेतला.

पण आता वेगळाच ताप झालाय. आधी नुसती गाणी ऐकायचे, आता प्रत्येक क्लिप थांबवून वायर शोधतात, टीव्हीच्या इतके जवळ जाऊन की नाक टेकतं. काल संध्याकाळी बीटल्सचा अमेरिकन टीव्हीवरच्या एड सलिव्हन शोमधला कार्यक्रम लावला होता, ९ फेब्रुवारी १९६४ चा, मी म्हटलं हे खरंच गातायत, जॉनचा माइक दबलाय बघा, रेकॉर्ड असती तर दबला असता का. ते म्हणाले थांब, आणि चष्मा बदलला. आईने विचारलं जेवायला वाढू का, तर म्हणाले वायर दिसतीये, वायर दिसतीये. आईला वाटलं घरातली कुठलीतरी उघडी पडली, तिने जाऊन मेन स्विच बंद केला.


भैरू_पेटीवाला:

आता बाबांना सांगा, वीज गेल्यावरसुद्धा आवाज चालू राहिला तर तो नक्की लाइव्ह